दलदल आटली म्हणजे संपली का?

कारंजा लाड आणि तालुक्यातल्या गावांमधून आलेल्या वाचकांच्या पत्रांत या वेळी तलावाच्या काठाचा विषय वारंवार आला. मधल्या पाण्याबद्दल कुणी फारसे विचारले नाही. चिखल, लव्हाळा, बेडूक, बगळे आणि गाळ यांबद्दलच विचारणा आहे. त्यामुळे हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

अडाण धरणाचा फुगवटा जिथे संपतो, तिथे दिवाळीच्या सुमारास गुडघाभर चिखल असतो. पाणकणीस माजलेले असते, बगळे बसलेले असतात. मे महिन्यात त्याच जागी जमिनीला भेगा पडतात. पुस्तकातल्या चित्रात दलदल बारमाही ओली दिसते. मग आमच्या या जागेला दलदल म्हणायचे की नुसता आटलेला काठ?
(एक वाचक, कारंजा लाड)

खुशाल दलदल म्हणा. दलदल ओळखायच्या खुणा तीन आहेत. वर्षातला काही काळ तरी जमीन पाण्याखाली किंवा पाण्याने गच्च असावी. त्या पाण्यामुळे मातीचा स्वभाव बदललेला असावा. आणि तिथे उगवणाऱ्या वनस्पती ओल सोसणाऱ्या असाव्यात. मे महिन्यात पहिली खूण डोळ्यांना दिसत नाही, पण उरलेल्या दोन जागच्या जागी असतात. पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी झाला आणि भारत १९८२ साली त्यात सामील झाला. त्या कराराच्या व्याख्येतही जागा नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, पाणी कायमचे असो वा काही महिन्यांचे, सगळ्यांना स्थान आहे.

आपल्याकडच्या दलदली हंगामी का, याचे उत्तर जमिनीच्या ठेवणीत आहे. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला आणि तिच्यातून तापीला मिळते. अडाण, अरुणावती आणि पैनगंगेचे पाणी मात्र गोदावरीच्या खोऱ्यात जाते. चार महिने पडलेला पाऊस दोन्ही उतारांनी निघून जातो. बेसाल्टच्या या पठारावर पाणी धरून ठेवणारी मोठी नैसर्गिक खोलगट जागा जवळजवळ नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हा ठळक अपवाद, आणि तोही आकाशातून आदळलेल्या अशनीने केलेला. म्हणून आपल्याकडे दलदल बहुतेक ठिकाणी तलावाच्या मागोमाग आली. कारंजा हे नाव परंपरेने ज्या करंज ऋषींशी जोडले जाते, त्यांच्या कथेतही तलाव आहेच. गावातला ऋषी तलाव त्याच कथेतला.

माणूस बांध घालतो, ओढा तलावात शिरताना मंदावतो, आणि वाहून आणलेली माती तिथेच टाकतो. जड वाळू आधी बसते, बारीक चिकणमाती नंतर. काही वर्षांत तोंडाशी उथळ सपाटी तयार होते आणि दलदल तिथे मूळ धरते. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर याच वाटेने घडले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ सिंचनासाठी बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली, पक्षी आले. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो गाळ तोट्याच्या खात्यात जातो, त्याच गाळावर ही दलदल उभी आहे.

चिखलात पाय रुतला की खालून बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पाण्यात घाण सोडतात म्हणून असे होते का?
(एक वाचक, कामरगाव)

सांडपाण्याने वास वाढतो हे खरे. पण ज्या दलदलीत कुणी काही सोडलेले नाही, तिच्या चिखलालाही हा वास असतो. त्याचे मूळ प्राणवायूच्या टंचाईत आहे. हवेत प्राणवायू जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. चिखलातले जिवाणू वरच्या काही मिलिमीटरांतच तो वापरून टाकतात. त्याखालच्या जिवाणूंना कुजणाऱ्या पाल्यातून ऊर्जा काढायची तर प्राणवायूऐवजी दुसरे काही वापरावे लागते, आणि त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट, आणि सगळे संपले की मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात.

सल्फेट वापरले गेले की हायड्रोजन सल्फाइड वायू बनतो. सडक्या अंड्याचा वास त्याचा. मिथेनला वास नसतो, पण तुमच्या पायाखालून निघालेल्या बुडबुड्यांत मुख्यतः तोच असतो. १७७६ साली आलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने माजोरे सरोवराच्या काठचा चिखल ढवळून हेच बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेटतो हे दाखवले.

लोहाचा टप्पा डोळ्यांना दिसतो. प्राणवायू नसलेल्या मातीत लोहाचे रूप बदलते आणि माती राखाडी, निळसर छटा घेते. आपल्या काळ्या मातीत ही छटा थोडी झाकली जाते. पण लव्हाळ्याचे एखादे ठोंब मुळांसकट उपटले, तर मुळांभोवती तांबूस गंजाच्या रेषा दिसतात. त्या तिथेच का, ते पुढच्या उत्तरात येईल.

नायट्रेटचा टप्पा शेतकऱ्याच्या कामाचा आहे. कपाशी-सोयाबीनच्या शेतातून पावसाबरोबर वाहून आलेल्या खताचा एक भाग याच चिखलात नायट्रोजन वायू होऊन हवेत परत जातो. दलदलीतून पुढे गेलेले पाणी त्यामुळे थोडे हलके होऊन जाते. मात्र मिथेन हवा तापवणारा वायू आहे, तेव्हा दलदलीच्या खात्यात सगळे जमेचेच आहे असेही नाही.

सोयाबीनमध्ये आठवडाभर पाणी साचले की रान चिबडते आणि पीक पिवळे पडते. तूर तर उभ्या उभ्या जाते. बांधापलीकडच्या ओढ्यात पाणकणीस मात्र हिरवेगार. त्याच्या मुळांना काही होत नाही का?
(एक शेतकरी, उंबर्डा बाजार)

मुळांनाही श्वास लागतो. तुरीची मुळे मातीच्या कणांमधल्या हवेवर जगतात. त्या जागेत पाणी भरले की ती गुदमरतात, मग कुजवणाऱ्या बुरशीला वाट मोकळी होते. पाणकणीसाने हवा घरातूनच आणायची सोय केली आहे. त्याचे पान आडवे कापा. आत पडद्यांनी विभागलेल्या लांबच लांब पोकळ्या दिसतील. पानाच्या टोकापासून चिखलातल्या गड्ड्यापर्यंत ही हवेची वाट सलग असते. भाताच्या मुळांतही अशाच पोकळ्या असतात, म्हणून भात पाण्यात उभा राहतो आणि तूर राहत नाही.

पाणकणीस आणि कमळ याच्याही पुढे गेले आहेत. कोवळ्या पानांच्या आत उन्हाने ऊबदार, दमट हवा साठते आणि बाहेरच्यापेक्षा तिचा दाब किंचित वाढतो. त्या दाबाने हवा खाली गड्ड्यात ढकलली जाते आणि जुन्या, फाटक्या पानांतून बाहेर पडते. खाली गेलेल्या हवेतला थोडा प्राणवायू मुळांतून चिखलात झिरपतो आणि तिथल्या लोहाला गंज चढतो. वर सांगितलेल्या तांबूस रेषा त्या याच. म्हणजे वनस्पती चिखल सोसते तेवढेच नाही, मुळाभोवतीचा चिखल ती बदलतेही.

आता काठापासून आत चालत जा, म्हणजे पाण्याच्या खोलीप्रमाणे वनस्पती बदललेल्या दिसतील. ओलसर कडेला लव्हाळा आणि हरळीसारखी गवते. पाय बुडेल एवढ्या पाण्यात नाळीची भाजी पसरते. तिचे कोवळे शेंडे लोक आवडीने खातात. गुडघाभर पाण्यात पाणकणीस. त्यापुढे मुळे तळाला आणि पाने पृष्ठभागावर अशी कमळे, कुमुदिनी आणि शिंगाडा. आणखी आत पूर्ण बुडालेल्या शेवाळी वनस्पती, ज्यांना तळापर्यंत ऊन पोचले तरच जगता येते. पूर्व विदर्भातल्या तलावांच्या उथळ काठांवर देवधान नावाचा रानटी भातही मिळतो. हात-दोन हात खोली बदलली की रहिवासी बदलतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, गाळाच्या प्रश्नात ती कामाला येणार आहे.

पाणकणीसाबद्दल एक सावधगिरी. त्याच्या एका कणसात लाखाच्या घरात बिया असतात आणि गड्डे जमिनीखालून पसरतात. पाण्याची पातळी वर्षभर सारखी राहिली आणि खताचे पाणी येत राहिले, तर ते बाकीच्यांना जागा ठेवत नाही. पातळी चढत-उतरत राहिली की त्याच्या पसरण्याला आळा बसतो.

आमच्या गावतलावात आम्ही मे महिन्यात क्रिकेट खेळतो. पहिला मोठा पाऊस झाला की दोन दिवसांत तिथे बेडूक ओरडतात आणि पुढे मासेही दिसतात. ते आभाळातून पडतात का?
(इयत्ता आठवीतील विद्यार्थी, मनभा)

नाही. तुम्ही खेळत असता तेव्हा त्यांतले बरेच जण तुमच्या खेळपट्टीखाली किंवा बाउंड्रीच्या आसपास असतात.

बेडूक मऊ मातीत, भेगांत, बांधाच्या बिळांत शिरून उन्हाळा काढतात. या काळात त्यांची हालचाल आणि भूक अगदी मंदावते. पावसाने माती भिजली की ते एकाच वेळी बाहेर येतात. आपल्याकडच्या मोठ्या बेडकाचे नर त्या दिवसांत पिवळेधमक होतात आणि ओरडताना त्यांच्या गळ्याजवळच्या निळ्या पिशव्या फुगतात. घाई असते, कारण अंड्यातून निघालेल्या बेडकुळ्यांना पाणी आटायच्या आत पाय फुटून जमिनीवर यायचे असते.

पाणगोगलगाई शंखाचे तोंड झाकणाने बंद करून चिखलात पडून राहतात. डबक्यांत पोहणाऱ्या काही नाजूक कवचधारी जीवांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. बियांची तर कमालच आहे. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेले कमळाचे बी शास्त्रज्ञांनी रुजवले. त्याचे वय सुमारे १३०० वर्षे निघाले.

माशांचे तीन मार्ग आहेत. मरळ आणि मागूर कल्ल्यांशिवाय थेट हवेतूनही श्वास घेऊ शकतात, म्हणून थोड्याशा गढूळ पाण्यात आणि ओल्या चिखलात ते तग धरतात. दुसरे मासे पहिल्या पुरात खालच्या ओढ्यातून, नदीतून उलट्या धारेने चढून येतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. तिसरा मार्ग पक्ष्यांचा. बदकाच्या पोटातून माशांची अंडी जिवंत जातील यावर फार काळ कुणाचा विश्वास नव्हता. २०२० साली हंगेरीतल्या संशोधकांनी बदकांना कार्प माशांची अंडी खाऊ घातली. हजारात दोनच्या आसपास अंडी विष्ठेतून जिवंत बाहेर पडली आणि त्यांतल्या काहींतून पिल्लेही निघाली. हे प्रमाण फार कमी वाटते, पण बदके पुष्कळ असतात आणि मासळी अंडी लाखांनी घालते. मोठ्या तलावांत मत्स्यबीज मुद्दाम सोडले जाते तो भाग वेगळा. कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या पाण्यात वीण करणारे मासे, साचलेल्या तलावात ते सहसा अंडी घालत नाहीत.

तुमच्या क्रिकेटच्या महिन्यांत माती आणखी एक काम करते. काळ्या मातीला हातभर खोल भेगा पडतात, हवा थेट आत शिरते आणि आठ महिने न कुजलेला पालापाचोळा झपाट्याने कुजतो. त्यातली अन्नद्रव्ये मोकळी होतात. जूनमध्ये पाणी आले की त्यांच्यावर सूक्ष्म वनस्पती आणि कीटक वाढतात, त्यांच्यावर बेडकुळ्या आणि मासे, त्यांच्यावर पक्षी. थंड देशांत दलदल कायम ओली राहते, पाला कुजत नाही आणि पीट नावाचा थर साचत जातो. जगातल्या अशा पीटभूमी जमिनीच्या ३ टक्के आहेत, पण मातीतला जवळजवळ एक तृतीयांश कार्बन त्यांनी धरून ठेवला आहे. आपली दलदल साठवण्याऐवजी दरवर्षी उलाढाल करते. म्हणून तलाव उतरला की शेतकरी गाळपेर जमिनीवर हरभरा, चारा, टरबूज घेतो आणि खताशिवायही पीक येते. वाळणे हा या दलदलीच्या वर्षाचा अर्धा भाग आहे, तो काढून टाकला तर पावसाळ्यातला भागही कमजोर होतो.

हिवाळ्यात तलावाच्या काठी इतक्या जातींचे पक्षी एकाच चिखलात कसे खातात? भांडणे होत नाहीत का?
(एक वाचक, धनज)

होतात, पण वाटतात त्यापेक्षा कमी. कारण प्रत्येकाचा चिखल वेगळा असतो. त्यांच्या चोची आणि पाय बघा.

पाणलाव्याची चोच लांब असते आणि तिचे टोक संवेदनशील. ती चिखलात खुपसून तो न बघता अळ्या शोधतो. तुतवार काठावर धावत वरवरचे टिपतो. शेकाट्याचे लाल पाय इतके उंच की इतरांच्या पोटाला लागणाऱ्या पाण्यात तो आरामात चालतो. थापट्या बदकाची चोच पुढे पसरट असते, तिच्या कडेला चाळणीसारखे बारीक दात असतात. पाणी आत घेऊन तो सूक्ष्म जीव गाळतो. ढोकरी आणि बगळे उभे राहून मासे व बेडूक धरतात. टिबुकली बुडी मारते. वारकरी पाणवनस्पती खातो. जांभळी पाणकोंबडी पाणकणीसाचे गड्डे ओढून पायाने धरून सोलते. वरून दलदली भोवत्या घिरट्या घालत असतो, तो या सगळ्यांच्या मागावर.

कमळपक्षी मुद्दाम बघा. लांबलचक बोटांमुळे वजन विभागले जाते आणि तो तरंगत्या पानांवरून चालतो. त्यांच्यात मादी मोठी असते आणि ती एकाहून अधिक नरांशी जोडी जमवते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे नराकडे. पाण्याची पातळी अचानक वाढली तर पानावरची अंडी जातात, म्हणून लागोपाठ अनेक घरटी करण्याची ही रीत त्यांना परवडते.

विदर्भातल्या तलावांवर हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. तिबेट, मंगोलियाकडे वीण करून ते हिमालय ओलांडतात. अंगावर यंत्र लावलेल्या एका हंसाची ७ हजार मीटरहून जास्त उंचीची नोंद आहे. एवढ्या प्रवासानंतर त्यांना हवे असते ते काठचे कोवळे गवत आणि रात्री बसायला मोकळे पाणी. कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांचे, माळरानाचे. पण माळरान सुकते तेव्हा उतरत्या तलावाच्या कडेला हिरवे गवत उरते, आणि चरणाऱ्या जनावरांना, रानटी असोत वा पाळीव, ते कळते.

बेशरम आणि जलपर्णी काढून टाकाव्यात का? शेवटी त्याही पाणवनस्पतीच ना?
(एक वाचक, कारंजा लाड)

काढाव्यात. दोन्ही दक्षिण अमेरिकेकडून आलेल्या. बेशरमीचे खोड मोडून पडले तरी जिथे टेकेल तिथे मुळे धरते. तिची पाने शेळ्या-मेंढ्यांना विषारी असल्याने तिला कुणी खात नाही. ती नेमका उथळ काठ व्यापते, म्हणजे लव्हाळा, देवधान आणि माशांच्या विणीची जागाच. भंडारा-गोंदिया भागात ढिवर समाजातल्या लोकांनी आणि तिथल्या अभ्यासकांनी तलावांतली बेशरम उपटली आणि तिच्या जागी स्थानिक पाणवनस्पती खोलीनुसार लावल्या. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान त्या समाजाकडे होतेच. नुसते उपटून थांबले असते तर बेशरम परत आली असती.

जलपर्णीचे वेगळे. अनुकूल स्थितीत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, पण त्यासाठी तिला सांडपाण्याचे खत लागते. ती दिसली की वर गावाच्या नाल्याकडे बघा. नाला तसाच ठेवून जलपर्णी काढणे हे दरवर्षीचे काम होऊन बसते.

दलदल म्हणजे डासांचे घर. डेंग्यू टाळायचा तर ती बुजवलेली बरी नाही का?
(एक गृहिणी, कारंजा लाड)

डेंग्यूचा डास दलदलीत वाढत नाही. त्याला घरातली टाकी, रांजण, कूलर, छतावरचे टायर यांतले साठवलेले पाणी लागते. रात्री कानाशी गुणगुणणारा क्यूलेक्स तुंबलेल्या गटारात सर्वाधिक वाढतो. दलदल पूर्ण निर्दोष आहे असे नाही. हिवतापाचे आणि जपानी मेंदूज्वराचे डास उथळ, गवताळ पाण्यात आणि भातखाचरांत होतात. पण जिवंत दलदलीत त्यांच्या अळ्यांना खाणारे बरेच असतात: चतुरांची पाण्यातली पिल्ले, पाणकिडे, लहान मासे. ती अर्धवट बुजवली की उरतात ती सुटी डबकी, ज्यांत शिकारी नसतात आणि डास असतात. गप्पी मासे टाक्यांत, हौदांत सोडावेत. तो परदेशी मासा आहे, नैसर्गिक तलावात सोडू नये.

गावतलावातला गाळ काढायचे ठरले आहे. यंत्र आलेच आहे तर काठासकट सगळा तलाव एकसारखा खोल करून घ्यावा, असे काहींचे म्हणणे आहे. चालेल का?
(ग्रामपंचायतीचे एक सदस्य, कारंजा तालुका)

गाळ जरूर काढा, एकसारखा खोल मात्र करू नका. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे आणि तिचा दुहेरी फायदा खरा आहे: तलावात पाणी वाढते, शेतात सुपीक माती जाते. प्रश्न फक्त कुठला गाळ काढायचा, एवढाच.

एक साधा हिशेब करा. काठाचा उतार दहा मीटरला एक मीटर असेल, तर पाणी एक मीटर उतरल्यावर काठाभोवती दहा मीटर रुंदीचा पट्टा उघडा पडतो. तलावाचा घेर ५०० मीटर धरला तर हा पट्टा अर्धा हेक्टर, म्हणजे सव्वा एकर भरतो. वर सांगितलेला लव्हाळा, बेडूक, पाणलावा, कोवळा चारा सगळा याच सव्वा एकरात. काठ भिंतीसारखा उभा कापला, तर पाणी तेवढेच उतरते आणि पट्टा शून्य. तलाव भरलेला दिसतो, पण त्याला दलदल उरत नाही. शिवाय उभ्या काठावरून जनावरांना पाण्यापर्यंत जाता येत नाही आणि लहान मुलांचा तोल गेला तर बाहेर येणे कठीण.

उथळ पाण्यातून बाष्पीभवन जास्त होते हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कामाची विभागणी करावी. बांधाच्या बाजूला, जिथे पाणी तसेही खोल आहे, तिथे हवे तेवढे खोल करा. ओढा जिथे आत येतो ती बाजू सोडा. तिथला गाळ काढलाच तर टप्प्याटप्प्याने, एका वर्षी एक भाग, म्हणजे उरलेल्या भागातल्या बिया आणि गड्डे पुन्हा पसरतील. काठ निमुळता ठेवा. वरची बाभळीची झाडे राहू द्या, बगळ्यांना घरट्यांसाठी ती लागतात. काम पावसाच्या आत संपवा.

या बाबतीत कायद्याच्या भरवशावर राहू नका. पाणथळ जागांविषयीचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मत्स्यपालनासाठी मुद्दाम बांधलेल्या तलावांना लागू होत नाहीत. आपल्या भागात दलदली आहेत त्या बहुतेक अशाच तलावांच्या काठी. म्हणजे काठ राखायचा की कापायचा, याचा खरा निर्णय यंत्र चालू होण्याआधीच्या ग्रामसभेत होतो. गाळाच्या ठरावात ‘ओढ्याकडची बाजू सोडून’ एवढे शब्द लिहून घेतले तरी पुष्कळ साधेल.

शाळेतल्या मुलांना दलदलीचा अभ्यास करायला लावायचा आहे. दुर्बीण, सूक्ष्मदर्शक काही नाही. काय करता येईल?
(एक शिक्षिका, पोहा)

दोन प्रयोग सुचवतो, खर्च जवळजवळ नाही.

पहिला गंजाचा. घासून चकचकीत केलेल्या चार-पाच लोखंडी सळ्या काठापासून आत वेगवेगळ्या अंतरांवर चिखलात उभ्या रोवा आणि जागा खुणेने नोंदवा. साधारण महिन्याने काढा. जिथवर प्राणवायू पोचतो तिथवर सळीवर तांबडा गंज चढतो. त्याखाली ती काळपट किंवा तशीच राहते. गंजाची लांबी पट्टीने मोजून काठापासूनच्या अंतराशी आलेख काढा. पाण्याजवळ जाल तसा गंज आखूड होतो की नाही, ते मुलांनाच सांगू द्या.

दुसरा बियांचा. मे महिन्यात काठापासून तीन वेगळ्या उंचींवरची कोरडी माती तीन पसरट भांड्यांत घ्या. एकात माती नुसती ओलसर ठेवा, दुसऱ्यात वर बोटभर पाणी, तिसऱ्यात वीतभर. मग पाण्याची खोली बदलून तीच माती पुन्हा वापरा. पंधरा-वीस दिवसांत काय काय उगवते त्याची यादी करा. उगवलेल्या रोपांची नावे येत नसतील तर गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांना, मासे धरणाऱ्यांना, गुराख्यांना विचारायला मुलांना पाठवा. खाण्याची भाजी कोणती, गुरे काय सोडतात, कशाखाली मासा मिळतो, हेही त्याच फेरीत लिहून आणायला सांगा. मुले तीच वही घेऊन गाळाच्या ठरावाच्या वेळी ग्रामसभेत गेली, तर कोणती बाजू सोडायची हे ठरवायला मोठ्यांकडे त्याहून चांगला कागद नसेल.